यंत्रावरील कुलूप आणि त्याची किल्ली

घरांतील विजेचा दिवा किंवा पंखा दुरुस्त करावयास एखादा जुना, जाणता वायरमन आला म्हणजे तो काय करतो, हें पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. शिडीवर चढण्यापूर्वीं तो मुख्य बटण बंद करतो, मीटरजवळचा फ्यूज उपटून काढतो, आणि तो तेथेंच फळीवर न ठेवतां आपल्या खिशांत टाकतो. घरांतील मंडळींस ही सवय थोडी चमत्कारिक वाटते. फ्यूज कोणी पळवून नेणार आहे कीं काय, असें एखादा थट्टेनें विचारतोही. परंतु वायरमनला भीति चोराची नसते. त्याला भीति असते ती घरांतल्याच एखाद्या भल्या माणसाची. वीज कां गेली, म्हणून तो सहज उठतो, मीटरपाशीं जातो, आणि फ्यूज उचलून जागच्या जागीं बसवून देतो. त्याच्या मनांत वाईट कांहीं नसतें; शिडीवर कोणी आहे हें त्याला ठाऊक नसतें, एवढेंच.

वायरमनच्या या साध्या युक्तीला कारखान्यांच्या जगांत आज शास्त्राचें व कायद्याचें रूप आलेलें आहे. दुरुस्तीसाठीं यंत्र थांबविलें, कीं त्याला शक्ति पुरविणारा खटका 'बंद' या स्थितींत ठेवून त्यावर दुरुस्ती करणारा कामगार स्वतःचें कुलूप घालतो, त्याला आपल्या नांवाची चिठ्ठी अडकवितो आणि किल्ली खिशांत ठेवून कामाला लागतो. काम पुरें झालें म्हणजे तोच येऊन कुलूप काढतो. इंग्रजींत या पद्धतीस 'लॉकआउट' असेंच नांव आहे. आपण या शब्दाचा अर्थ टाळेबंदी असा करतों, आणि संप व टाळेबंदी या जोडशब्दाचा अनुभव मुंबईच्या गिरणगांवास कमी आलेला नाहीं. एका लॉकआउटांत मालक कुलूप घालतो व कामगार बाहेर राहतो. दुसऱ्यांत कामगार कुलूप घालतो व यंत्राची शक्ति बाहेर राहते. या दुसऱ्या, कमी परिचित कुलुपाचा इतिहास आम्हांस येथें सांगावयाचा आहे. त्या इतिहासावरून असें दिसून येईल कीं, या कुलुपाचें सामर्थ्य त्याच्या पोलादांत फारसें नाहीं. तें कोणी व केव्हां काढावें, या नियमांत आहे.

आरंभ वाफेच्या युगापासून केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकांतील कापडाच्या गिरणींत सगळ्या खात्यांस मिळून बहुधा एकच मोठें एंजिन असे. त्याची गति छताखालून जाणाऱ्या लांबच लांब शाफ्टांस मिळे, आणि शाफ्टावरून चामड्याचे पट्टे एकेका सांच्यापर्यंत उतरत. एकच सांचा थांबवावयाचा झाला, तर एंजिन थांबविणें शक्य नव्हतें. म्हणून प्रत्येक सांच्यास शेजारीं शेजारीं दोन चाकें बसवीत: एक पक्कें, सांच्याशीं जोडलेलें; दुसरें मोकळें, नुसतेंच फिरणारें. पट्टा पक्क्या चाकावरून मोकळ्या चाकावर सरकविला कीं सांचा थांबे. परंतु वर शाफ्ट फिरतच असे, पट्टाही धांवतच असे. आणि हादऱ्यानें तो पट्टा कधीं कधीं हळूहळू सरकत पुन्हां पक्क्या चाकावर येई. मग कोणाचाही हात न लागतां सांचा आपोआप चालूं होई. आंत ज्याचीं बोटें असतील त्याला सूचना देणारें कोणी नसे.

या संकटाकडे कायद्याचें लक्ष गेलें, पण तें एका बाजूनें गेलें. इंग्लंडांतील १८४४ च्या कारखाना-कायद्यानें गति देणाऱ्या यंत्रभागांस कठडे घालण्याची सक्ति केली आणि ते भाग फिरत असतांना मुलांनीं, तरुणांनीं व स्त्रियांनीं ते साफ करण्यास मनाई केली. प्रौढ पुरुषाला या मनाईचा आधार नव्हता. त्यानें आपलें आपण पाहावें, अशी त्या काळची समजूत होती. आपल्याकडे कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापूस-गिरणीची कंपनी १८५४ सालीं स्थापिली व १८५६ सालीं ती गिरणी चालूं झाली. तिच्या पाठोपाठ हीच पट्ट्याशाफ्टांची व्यवस्था येथें आली. हिंदुस्थानचा पहिला कारखाना-कायदा १८८१ सालीं झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास त्यानें बंदी केली, आणि धोक्याच्या यंत्रांस कठडे घालण्यास सांगितलें. कठडा ही गोष्ट चांगली खरीच. परंतु ती उपयोगी पडते यंत्र चालविणाऱ्याला. यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या कामाचा आरंभच मुळीं कठडा काढण्यापासून होतो. त्याच्या रक्षणाचा विचार व्हावयास अजून पुष्कळ काळ जावयाचा होता.

त्याला न्यायालयांचाही आधार नव्हता. १८३७ सालीं इंग्लंडांत प्रीस्टली विरुद्ध फाउलर या नांवाचा एक खटला झाला. एका खाटकाच्या नोकराचें, फाजील भरलेली गाडी मोडल्यामुळें, मांडीचें हाड मोडलें होतें. धन्याच्या दुसऱ्या नोकराच्या चुकीबद्दल धनी पहिल्या नोकरास भरपाई देण्यास बांधलेला नाहीं, या तत्त्वाचा उगम पुढें याच निकालांत मानला गेला. १८४२ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनीं तेंच तत्त्व अधिक स्पष्ट केलें. त्यांच्यापुढें आलेल्या खटल्यांत सांधेवाल्यानें सांधा चुकीच्या बाजूस ठेवल्यामुळें गाडी रुळांवरून घसरली होती व एंजिन चालविणाऱ्याचा हात गेला होता. एकत्र काम करणारे लोक एकमेकांच्या वागणुकीवर लक्ष ठेवूं शकतात. सोबत्याच्या निष्काळजीपणाचा धोका पत्करूनच माणूस नोकरी धरतो व वेतन घेतो. म्हणून कंपनीवर जबाबदारी नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता.

हा विचार चार माणसांच्या कारागिरीच्या दुकानांत कदाचित् शोभला असता. परंतु वरच्या मजल्यावर खटका ओढणारा व खालच्या मजल्यावर यंत्रांत शिरलेला, हे दोघे एकमेकांस दिसत नाहींत. कित्येकदां एकमेकांचीं नांवेंही जाणत नाहींत. मग एकानें दुसऱ्याच्या वागणुकीवर लक्ष ठेवावें तें कसें? दुरुस्ती करणाऱ्याचा जीव एका अनोळखी हातांत असे, आणि त्या हाताच्या चुकीचा भार मात्र त्याच्याच माथ्यावर पडे. हें तत्त्व आपल्याकडे १९३८ च्या कायद्यानें व इंग्लंडांत १९४८ च्या कायद्यानें रद्द झालें. म्हणजे त्याचें आयुष्य शंभर वर्षांहून अधिक होतें.

अनोळखी हाताच्या या प्रश्नाचें पहिलें समाधानकारक उत्तर कारखान्यांआधीं रेल्वेला सांपडलें. १८७४ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील नॉर्विच शहराजवळ थॉर्प येथें, एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. तारेनें पाठविलेल्या संदेशांविषयीं स्थानकांतील माणसांचा गैरसमज झाला होता, व दोन्ही टोकांकडून गाड्या सुटल्या होत्या. त्यानंतर १८७८ सालीं एडवर्ड टायर यांनीं तबकडीच्या यंत्राचें पेटंट घेतलें. दोन स्थानकांतील यंत्रें विजेच्या तारेनें अशीं जोडलेलीं असतात कीं, एक तबकडी बाहेर असतांना दुसरी कोणत्याही टोकास निघतच नाहीं; आणि तबकडी हातीं आल्यावांचून ड्रायव्हरनें त्या टापूंत गाडी न्यावयाचीच नाहीं. आपल्याकडील एकेरी मार्गांवर ड्रायव्हर धांवत्या गाडींतून वेताचें कडें झेलून घेतो, हें दृश्य वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं कौतुकानें पाहिलें असेल. त्या कड्याच्या पिशवींत असे तो गोळा म्हणजे त्या टापूची जणूं किल्लीच होय. संदेश चुकीचा ऐकला जाऊं शकतो, विसरला जाऊं शकतो. वस्तु मात्र एका वेळीं एकाच हातांत राहूं शकते. रेल्वेनें माणसाच्या शब्दाऐवजीं वस्तूवर भिस्त ठेवली, हें मोठेंच पाऊल होतें.

कारखान्यांत व खाणींत कुलुपें नव्हतीं असें नाहीं. परंतु त्यांच्या किल्ल्या दुसऱ्यांच्याच हातांत होत्या. कोळशाच्या खाणींतील स्फोटक वायूपासून रक्षण व्हावें म्हणून जो दिवा वापरीत, त्यास कुलूप असे. इंग्लंडांतील १८७२ च्या खाण-कायद्यानें असा दिवा उघडण्याची किल्ली नेमलेल्या माणसावांचून कोणीही जवळ बाळगूं नये, असें ठरविलें. हें कुलूप सर्वांच्या हिताचें होतें, परंतु त्याच्या मागें खाणकामगाराविषयीं अविश्वास होता. न्यूयॉर्क येथील ट्रँगल नांवाच्या शिवणकामाच्या कारखान्यांतील कुलूप मात्र कामगारांच्या हिताचेंही नव्हतें. २५ मार्च १९११ रोजीं तेथें आग लागली, तेव्हां नवव्या मजल्यावरील एक दरवाजा बंद होता. बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या एकाच वाटेवर तपासतां याव्यात यासाठीं तो बंद ठेवीत, असें खटल्यांत पुढें आलें. त्या आगींत १४६ माणसें मेलीं. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. मालकांवर मनुष्यवधाचा खटला झाला व ते सुटले. मालाच्या रक्षणासाठीं घातलेलें कुलूप माणसांच्या जिवावर कसें येतें, याचें याहून भयंकर उदाहरण आमच्या माहितींत नाहीं.

त्याच सुमारास अपघातांचें खापर अपघातांत सांपडलेल्या माणसावरच फोडण्याच्या रूढीलाही धक्का बसला. क्रिस्टल ईस्टमन या विदुषीनें पिट्सबर्ग शहराच्या परिसरांत, ॲलेघनी काउंटींत, जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षांत कामावर असतांना मेलेल्या ५२६ माणसांच्या मृत्यूंची चौकशी केली व ती १९१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. बहुतेक अपघात कामगारांच्या निष्काळजीपणानें होतात, हें मत त्या काळीं सर्वमान्य होतें. तें वस्तुस्थितीस धरून नाहीं असें त्यांनीं एकेक प्रकरण तपासून दाखविलें. निष्काळजीपणा हा शब्द उच्चारला कीं पुढील विचार थांबतो. सावध माणसाचाही जीव सोबत्याच्या अजाणतेपणानें कां जावा, हा प्रश्न मग कोणी विचारीतच नाहीं.

या प्रश्नाची निकड विजेनें वाढविली. खोपोलीच्या वीजगृहांतून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली, आणि पुढें एकेका यंत्रास स्वतंत्र मोटर बसविण्याची प्रथा जगभर रूढ झाली. पट्ट्याशाफ्टांचें जंगल गेलें, त्याबरोबर त्यांचे पुष्कळ धोकेही गेले. परंतु एक नवा धोका आला. शाफ्ट फिरत असे तेव्हां त्याचा आवाज येई, पट्टा हलतांना दिसे. विजेवरील यंत्र बंद असतांना निर्जीव वस्तूसारखें स्तब्ध उभें असतें, आणि दुसऱ्या खोलींतील, कधीं कधीं दुसऱ्या इमारतींतील, एका बटणानें क्षणांत जागें होतें. पाहणाऱ्याला बंद यंत्र व सुरक्षित यंत्र हीं सारखींच दिसतात.

याजवर सुचणारा सोपा उपाय म्हणजे चिठ्ठी. 'आंत माणूस काम करीत आहे, बटण दाबूं नये' अशी पाटी खटक्यावर टांगावयाची. चिठ्ठी हवीच, कारण ती कोणाचें काम आहे तें सांगते. परंतु चिठ्ठी ही विनंति आहे. ती गळून पडते, तेलानें मळते, वाऱ्यानें उलटी होते. घाईंतला माणूस ती वाचीत नाहीं, आणि ज्याला त्या लिपीची ओळख नाहीं त्याला ती वाचतांच येत नाहीं. ज्या देशांत एकाच कारखान्यांत चार भाषा बोलणारे व कांहीं निरक्षर असे कामगार खांद्याला खांदा लावून काम करतात, तेथें या उणिवेचें महत्त्व विशेष आहे. कुलूप वाचावें लागत नाहीं. अशीं कुलुपें स्वस्त व मजबूत मिळूं लागलीं, यासही कांहीं इतिहास आहे. मिलवॉकी येथील हॅरी सोरेफ यांनीं १९२१ सालीं कंपनी काढून, पोलादाच्या पातळ पत्र्यांचे थर एकावर एक रिव्हेटांनीं जोडून केलेलें कुलूप बाजारांत आणलें. लांकडी पेटीवर किंवा फाटकावर लावावयाची ही वस्तु यंत्राच्या खटक्यावरही बसूं शकली.

आतां ही पद्धति प्रत्यक्ष कशी चालते, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम त्या यंत्रावर अवलंबून असणाऱ्या सर्वांस सूचना द्यावयाची. मग यंत्र नेहमींच्या रीतीनें थांबवावयाचें, आणि त्याला शक्ति पुरविणारी प्रत्येक वाट तोडावयाची: विजेची, वाफेची, दाबलेल्या हवेची, तेलाची, पाण्याची. तोडलेल्या प्रत्येक वाटेवर कुलूप घालावयाचें. दुरुस्तीस पांच माणसें असतील तर पांच कुलुपें हवींत. यासाठीं अनेक भोंकें असलेली एक लोखंडी कडी मिळते, आणि तींतील शेवटचें कुलूप निघेपर्यंत खटका हलत नाहीं. त्यानंतर यंत्रांत सांठून राहिलेली शक्ति काढून टाकावयाची. ताणलेली कमान, उचलून धरलेलें वजन, नळींत कोंडलेली वाफ, यांना कुलुपाचा धाक नसतो. आणि अखेरीस चालूं करण्याचें बटण स्वतः दाबून पाहावयाचें, कीं यंत्र खरोखरच निपचित आहे. एवढें झाल्यावर मग आंत हात घालावयाचा.

या क्रमांतील कोणतेंही पाऊल गाळतां येत नाहीं. अमेरिकेंतील व्यावसायिक सुरक्षेचें संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनें १९८२ ते १९९७ या काळांतील आपल्या १,२८१ मृत्यु-चौकशा तपासल्या. त्यांपैकीं १५२ प्रकरणें यंत्रांची जोडणी, दुरुस्ती व देखभाल करतांना शक्ति आवरली न गेल्याचीं होतीं. त्यांतील १२४ प्रकरणांत शक्तीची वाट पुरती तोडलेलीच नव्हती किंवा सांठलेली शक्ति काढलेली नव्हती. १७ प्रकरणांत वाट तोडली होती, पण कुलूप व चिठ्ठी लावली नव्हती. ११ प्रकरणांत खात्री करून पाहिलें नव्हतें. कुलूप म्हणजे कांहीं मंतरलेला ताईत नव्हे, हें या आंकड्यांवरून उघड होतें. चुकीच्या खटक्यावर घातलेलें भक्कम कुलूप हें कुलूप नसण्याहूनही वाईट, कारण तें खोटा भरंवसा देतें.

अमेरिकेंत या पद्धतीचें राष्ट्रीय मानक १९८२ सालीं तयार झालें व सरकारी नियम १ सप्टेंबर १९८९ रोजीं प्रसिद्ध झाला. या नियमानें दरवर्षीं सुमारें १२० मृत्यु व ५०,००० इजा टळतील, असा सरकारी खात्याचा अंदाज होता. नियमावर दोन्ही बाजूंनीं वाद झाला. मोटार-कामगारांची संघटना म्हणाली कीं, कांहीं प्रसंगीं कुलुपाऐवजीं नुसती चिठ्ठी चालेल ही सवलत घातक आहे. कारखानदारांची संघटना म्हणाली कीं, नियमाची व्याप्ति फाजील आहे. १९९१ सालीं न्यायालयानें सरकारास नियमाचें समर्थन पुन्हां मांडावयास सांगितलें, आणि १९९४ सालीं नियम कायम केला. चिठ्ठी कीं कुलूप, हा वाद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो विनंति कीं हक्क, असा वाद होता.

परंतु आमच्या मतें त्या नियमाचा खरा गाभा कुलूप काढण्याच्या भागांत आहे. कुलूप ज्यानें लावलें त्यानेंच तें काढावें, हा मुख्य दंडक. काढण्यापूर्वीं यंत्रांत हत्यारें राहिलीं नाहींत ना, काढलेले कठडे परत बसले ना, सर्व माणसें बाहेर आलीं ना, हें पाहावें, आणि यंत्राशीं संबंध असलेल्यांस कळवावें. दुरुस्ती संपत आली म्हणजे सर्वांचें लक्ष यंत्र पुन्हां चालूं होण्याकडे लागलेलें असतें. दक्षता सैल होण्याची वेळ हीच.

आतां अडचणीचा प्रसंग घ्या. पाळी संपली, कामगार थकून घरीं गेला, आणि त्याचें कुलूप खटक्यावर तसेंच राहिलें. दुसरी पाळी येऊन उभी आहे, माल खोळंबला आहे, मुकादमाला वरून विचारणा होत आहे. कोपऱ्यांत कुलूप तोडण्याची मोठी कात्री आहे. दहांपैकीं नऊ वेळां त्या कुलुपाचा धनी खरोखरच घरीं पोंचलेला असतो, कुलूप तोडल्यानें कांहीं होत नाहीं, आणि मुकादमाच्या तडफेची वाहवाच होते. दहाव्या वेळीं तो घरीं गेलेला नसतो. तो यंत्राच्या मागील बाजूस पडलेला एक पाना घेण्यासाठीं परत आंत शिरलेला असतो.

यासाठीं नियम असें सांगतो कीं, धनी गैरहजर असतां कुलूप काढावयाचेंच झालें, तर तें मालकाच्या हुकुमावरून, आधीं लिहून ठेवलेल्या व शिकविलेल्या पद्धतीनेंच काढावें. तो माणूस कारखान्याच्या आवारांत नाहीं याची प्रथम खात्री करावी. त्याला गांठून, तुझें कुलूप काढलें आहे, असें कळविण्याचा होईल तितका प्रयत्न करावा. आणि पुन्हां कामावर हात ठेवण्यापूर्वीं ती गोष्ट त्याला निश्चित कळलेली असावी. यांतील तिसरी अट विशेष मार्मिक आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं येणारा कामगार आपलें कुलूप जागेवर आहे याच समजुतींत असतो. त्याला न कळवितां तें काढलें, तर तो काल जेथें निर्धास्तपणें हात घालीत होता तेथें आजही घालील. म्हणजे कुलूप तोडण्याचा धोका त्या रात्रीपुरता नसतो. तो सकाळपर्यंत टपून बसतो. शिवाय एकदां कात्रीनें कुलूप सहज तुटतें असें कामगारांनीं पाहिलें, कीं पुढें कोणत्याच कुलुपावर त्यांचा भरंवसा राहत नाहीं.

पाळी बदलतांना माहिती हरवली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण उत्तर समुद्रांतील पायपर आल्फा या तेलाच्या तळावर ६ जुलै १९८८ रोजीं जगानें पाहिलें. तेथील दोन पंपांपैकीं एकाची दाब सोडणारी झडप त्या दिवशीं दुरुस्तीसाठीं काढली होती, आणि तिच्या जागीं नुसती चकती बसविली होती. संध्याकाळीं पाळी बदलली. काम अपुरें राहिलें. झडप जागेवर नाहीं ही गोष्ट रात्रीच्या माणसांपर्यंत पोंचली नाहीं. रात्रीं पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला, तेव्हां त्यांनीं पहिला चालूं करण्याचा प्रयत्न केला. वायु सुटला, स्फोट झाला, आणि १६७ माणसें मेलीं. लॉर्ड कलेन यांनीं १९९० च्या अहवालांत हाच क्रम सर्वांत संभवनीय ठरविला. त्या रात्रीं बटण दाबणारे लोक बेफिकीर नव्हते. तळावरची वीज जाऊं नये म्हणून ते धडपडत होते. वायरमनच्या फ्यूजची गोष्ट येथें वाचकांस पुन्हां आठवेल.

इतकें घडूनही हा धडा पक्का झाला आहे असें नाहीं. २०१२ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील मासळी डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यांत एक कामगार सुमारें पसतीस फूट लांबीच्या भट्टींत दुरुस्तीसाठीं शिरला. भट्टीला कुलूप नव्हतें. तो कोठें दिसेना, तेव्हां शौचास गेला असेल असें सोबत्यांनीं समजून घेतलें, भट्टींत सुमारें १२,००० पौंड मासळी भरली, दार लावलें व भट्टी चालूं केली. कंपनीनें २०१५ सालीं तडजोडींत साठ लक्ष डॉलर भरण्याचें मान्य केलें. पांचदहा डॉलरांत मिळणारें एक कुलूप त्या दिवशीं त्या दारावर असतें, तर सोबत्यांस तर्क करण्याची गरजच पडली नसती.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना-कायद्याच्या २४ व्या कलमानें, पट्टा पक्क्या चाकावर आपोआप परत सरकूं नये अशी व्यवस्था करण्यास सांगितलें होतें. आणि १९७६ सालीं त्याच कलमांत एक पोटकलम घालून, शक्ति तोडणारें साधन चुकून चालूं होण्यासारखें असेल तर तें सुरक्षित स्थितींत कुलूपबंद करण्याची सोय असावी, असें फर्माविलें. सरकत्या पट्ट्यापासून कुलुपापर्यंतचा शंभर वर्षांचा प्रवास त्या एका कलमांत उमटलेला आहे. परंतु किल्ली कोणाजवळ असावी, याविषयीं त्या पोटकलमांत कांहीं म्हटलेलें नव्हतें. या मौनाची जागा कारखान्यांतील रिवाजानेंच भरून काढावयाची असते. सगळ्या कुलुपांच्या जोडकिल्ल्या एका खिळ्यावर टांगलेल्या असल्या, तर तीं कुलुपें शोभेचीं आहेत असेंच समजावें.

कोणी म्हणेल कीं, यंत्र मालकाचें, जागा मालकाची, मग चार आण्यांच्या कुलुपानें कामगारानें तें अडवून ठेवावें हें कसें? याचें उत्तर असें कीं, तेवढा वेळ त्या यंत्रांत मालकाच्या मालमत्तेहून निराळी अशी एक वस्तु असते, आणि ती वस्तु ज्याची आहे त्याच्याजवळच तिची किल्ली असणें योग्य होय. एकोणिसाव्या शतकांत न्यायाधीश म्हणाले होते कीं, कामगारानें सोबत्यावर लक्ष ठेवावें. नियमानें आतां ठरविलें आहे कीं, सोबत्याला चूक करतांच येऊं नये अशी तजवीज असावी. या दोन मतांमध्यें जें अंतर आहे, तें कापावयास किती माणसांचे हात व प्राण खर्ची पडले, याची गणती कोणीं केलेली नाहीं.

असो. वाचकांपैकीं बहुतेकांचा कारखान्याशीं संबंध येत नसेल. परंतु घरांत वायरमन येतो, गच्चीवरची टाकी धुण्यास माणूस आंत उतरतो, पंपाच्या विहिरींत कोणी हात घालतो. अशा वेळीं फ्यूज त्याच्या खिशांत राहूं द्यावा, बटणाच्या खोलीचें दार लावून किल्ली त्याच्याच हातीं द्यावी, आणि वीज यावयास उशीर झाला तर उठून मीटरपाशीं न जातां त्याला हांक मारावी. त्याची ओ आल्यावांचून कांहींही चालूं करूं नये.